न खाण्यासाठी भाजलेले अन्न

उत्तर क्रोएशियात लित्सितार नावाचे एक मसालेदार बिस्किट करतात. मैदा, साखर, पाणी, थोडा सोडा, मसाले आणि जुन्या रीतीत मध, एवढ्यांची कणीक मळायची, साच्याने तिला आकार द्यायचा, भट्टीत भाजायचे आणि मग घाई न करता वाळू द्यायचे. पुरते कडक झाले की ते लालभडक खाद्यरंगात रंगवतात, पुन्हा वाळवतात, त्यावर आयसिंगने वेलबुट्टी काढतात आणि मधोमध एखादे चित्र, दोन ओळींचे पद्य किंवा इवलासा आरसा बसवतात. आकार बहुधा हृदयाचा असतो. लग्न असेल तर वधूवरांची नावे आणि तारीखही त्यावर येते. मसालेदार बिस्किटांची ही कला मध्ययुगात युरोपातल्या मठांमध्ये रुजली आणि तिथून क्रोएशियात येऊन कारागिरांचा पिढीजात धंदा झाली. हेच कारागीर पुष्कळदा मेणबत्त्याही करत, कारण मध आणि मेण एकाच पोळ्यातून यायचे. झाग्रेबजवळ मारिया बिस्त्रित्सा हे मरियमचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. तिथल्या दुकानांतून यात्रेकरू ही लाल हृदये घेऊन जातात. २०१० साली युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. आणि तरीही हे बिस्किट सहसा कोणी खात नाही. ते भिंतीवर टांगतात, नाताळच्या झाडाला बांधतात, जिवाच्या माणसाला देतात, आणि ज्याला मिळाले तो ते वर्षानुवर्षे जपतो. खाण्याच्याच वस्तू घेऊन, खाण्याच्याच रीतीने भाजून, न खाण्यासाठी केलेली ही वस्तू आहे. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या माणसाने तिच्याकडे कसे पाहावे? हा अन्नाचा अवमान आहे, की अन्नाच्या सन्मानाचीच ही एक रीत आहे?

अवमान आहे असे म्हणणाऱ्याची बाजू आधी पुऱ्या जोराने मांडली पाहिजे, कारण ती कच्ची नाही. गहू पिकवायला शेतकऱ्याचा हंगाम जातो, मधाच्या एका चमच्यासाठी मधमाश्या असंख्य फुलांवर फिरतात, आणि जगात आज रात्री उपाशी झोपणारी माणसे आहेत. अशा जगात पीठ भिंतीवर टांगणे म्हणजे कोणाच्या तरी तोंडचा घास शोभेला लावणे. आपल्याकडे ताटात उष्टे टाकू नये हा संस्कार मुलाला अक्षरओळखीच्या आधी मिळतो. पंगतीत म्हटला जाणारा श्लोक जेवणाला पोट भरण्याच्या वर नेऊन यज्ञाच्या पंक्तीला बसवतो. तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगुवल्लीत वरुणाचा मुलगा भृगू तप करून पहिल्यांदा अन्न हेच ब्रह्म असे जाणतो. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद इथवर पोचतो, पण अन्नाची पायरी ओलांडल्यावर ती खोटी ठरत नाही. उलट त्याच वल्लीच्या शेवटाकडे अन्नाविषयीची व्रते सांगितली आहेत: अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये, ते वाढवावे, आणि दाराशी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. या व्रतांसमोर भिंतीवरचे लाल हृदय उभे केले, तर ते पहिल्याच प्रश्नाला अडखळेल असे वाटते.

पण व्रते नीट पाहिली तर त्यांत एक गोष्ट नाही, आणि ती नसणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक कण खाल्लाच पाहिजे असे ती म्हणत नाहीत. निंदा आणि अव्हेर यांना मनाई आहे, वाढवण्याची आणि देण्याची आज्ञा आहे. आपल्या घरांतली जुनी रीतही हेच सांगते. स्वयंपाक झाल्यावर घरच्यांच्या आधी देवाचा नैवेद्य, वैश्वदेवाच्या आहुती, गाईचा घास, कावळ्याचा घास आणि मग पाहुणा. यातला कोणताही भाग शिजवणाऱ्याच्या पोटात जाण्यासाठी काढलेला नसतो, आणि आहुतीचा भाग तर कोणाच्याच पोटात जात नाही, तो जळतो. तरीही तो भाग वाया गेला असे आजवर कोणी म्हटले नाही. उरलेले अन्न खाण्याला जो अधिकार येतो, तो याच बाजूला काढलेल्या घासामुळे येतो, अशी ती धारणा आहे. म्हणजे आपल्या परंपरेत अन्नाची प्रतिष्ठा ते खाल्ले जाण्यावर कधीच पुरती अवलंबून नव्हती. ते कोणाला तरी दिले जाण्यावर ती अवलंबून होती. खाणे हा त्या देण्याचा सर्वांत सामान्य शेवट आहे, पण एकमेव शेवट नाही. माझा सगळा युक्तिवाद एवढ्यावर उभा आहे, म्हणून तो इतर धर्मांच्या आणि इतर काळांच्या पुराव्यांवर तपासून घ्यायला हवा.

श्रौत यज्ञाचे शास्त्र यज्ञाचे तीन घटक सांगते: द्रव्य, देवता आणि त्याग. दर्शपूर्णमास इष्टीत अग्नीसाठी जो पुरोडाश करतात तो तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाचा, आठ कपालांवर, म्हणजे मातीच्या खापऱ्यांवर, भाजलेला, कासवाच्या पाठीसारखा आकार दिलेला गोळा असतो. आकार, कपालांची संख्या, भाजण्याची पद्धत, सगळे ठरलेले. त्यातला ठरावीक भाग अग्नीत जातो आणि उरलेला ऋत्विज व यजमान खातात. इथे एक साधा प्रश्न विचारून पाहावा. अग्नीत घालायचेच होते तर मातीचा गोळा का चालला नसता? दिसायला तोही कासवासारखा करता आला असता, आणि धान्यही वाचले असते. उत्तर तिसऱ्या घटकात आहे. ज्याचा उपयोग आहे त्याचाच त्याग होऊ शकतो. माती देऊन माणूस काही सोडत नाही, पीठ देऊन तो स्वतःचे एक जेवण सोडतो. लित्सितारला हेच लागू आहे. प्रेमाची खूण म्हणून लाकडाचे किंवा काचेचे हृदय देता आले असते, ते टिकलेही जास्त असते. मधाच्या पिठाचे हृदय देणारा मात्र खाता आला असता असा गोड पदार्थ देतो, आणि घेणारा तो न खाता ठेवतो. दोघेही एकेक गोष्ट सोडतात. आणि त्या हृदयातला आरसा मला या सगळ्याचा कळस वाटतो: ते हातात घेणाऱ्याला त्यात आपलाच चेहरा दिसतो, म्हणजे ज्याच्यासाठी ती वस्तू केली त्याच्या येण्याने ती पूर्ण होते. देवतेविना द्रव्य अपुरे असते, तसेच हेही.

यावर एक विचारी माणूस म्हणेल की हे सगळे बिस्किटाला फारच मोठे करणे झाले. पिठाला आकार दिला तर तो केवळ आकार, त्यात अर्थ कुठला? या आक्षेपाला जैन साहित्याने हजार वर्षांपूर्वी फार कठोर उत्तर दिले आहे. राष्ट्रकूटांच्या काळात, इ. स. ९५९ मध्ये सोमदेवसूरींनी पूर्ण केलेल्या यशस्तिलक चंपूत यशोधर राजाची कथा येते. राजाची आई देवीला बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जिवंत प्राणी मारायला नकार देतो, आणि मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो. रक्त सांडले नाही, कोणाचा जीव गेला नाही. तरी कथेत राजा आणि आई दोघांनाही पुढचे कित्येक जन्म पशुयोनीत काढावे लागतात, कारण कोंबड्याचा आकार देऊन त्यावर शस्त्र चालवताना मारण्याचा संकल्प मनात होता. जैनांचा हा निवाडा वैदिक परंपरेतल्या अनेकांना पटला नाही. मध्वाचार्यांच्या संप्रदायाने तर यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिष्टपशू हाच योग्य मानला आणि त्यावरून वाद झाले. पण दोन्ही बाजू एका मुद्द्यावर एक आहेत: पिठाला दिलेला आकार पोकळ नसतो. एक बाजू म्हणते त्यात हिंसेचा संकल्प भरता येतो, दुसरी म्हणते त्यात अर्पणाचा भरता येतो. पिठाच्या कोंबड्याने पाप लागू शकत असेल, तर पिठाच्या हृदयाने दान घडू शकते, हे मान्य करायला काही अडचण उरत नाही. म्हणून अशा वस्तूचा हिशेब तराजूवर होणार नाही. किती ग्रॅम मैदा गेला हा प्रश्न पुरेसा नाही, तो कशासाठी आणि कोणाकडे गेला हे विचारावे लागेल.

भुकेचा आक्षेप याहून जड आहे, आणि संकल्पाच्या सूक्ष्म चर्चेने तो हटणार नाही. त्याला उत्तर द्यायला मला बायबलातल्या एका भाकरीकडे जावे लागते. लेवीय पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की बारीक पिठाच्या बारा भाकरी भाजून, सहा-सहांच्या दोन रांगांत, परमेश्वरासमोरच्या सोन्याच्या मेजावर ठेवाव्यात. त्या तिथे एका शब्बाथापासून, म्हणजे आठवड्याच्या विश्रामदिनापासून, पुढच्या शब्बाथापर्यंत मांडलेल्या असत, मग नव्या येत आणि जुन्या याजक खात. देवासमोर नुसती मांडून ठेवण्यासाठी केलेली भाकरी म्हणून जगातल्या धर्मग्रंथांत याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आता शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला प्रसंग घ्या. शौल राजाच्या भीतीने पळालेला दावीद नोब इथे अहीमलेख याजकाकडे येतो आणि भाकर मागतो. साधी भाकर शिल्लक नसते. याजक त्याला मेजावरून काढलेली पवित्र भाकर देतो, जी नियमाने फक्त याजकांनी खायची होती. पुढे येशूच्या शिष्यांनी शब्बाथाच्या दिवशी कणसे मोडून खाल्ली म्हणून टीका झाली, तेव्हा येशूने याच प्रसंगाचा दाखला दिल्याचे मार्क आणि मत्तय दोघेही सांगतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की नियम दिसतो. मांडलेली भाकर पवित्र आहे, आणि भुकेला माणूस आला तर तिच्यावर पहिला हक्क त्याचा आहे. मांडणीने भूक नाकारली तर ती मांडणी भ्रष्ट होते, आणि भूक उभी राहताच ती बाजूला सरकली तर तिचे पावित्र्य कमी होत नाही.

सिसिलीत १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाला, हे दोन्ही एका खोलीत घडते. सालेमी या गावात घराघरांत वेदी उभारतात आणि त्यावर कणकेच्या भाकरींची आरास करतात: फुले, पक्षी, मासे, योसेफाची सुतारकामाची हत्यारे, सूर्य-चंद्र, अंड्याचा हात फिरवून चकचकीत केलेले. त्या वेदीसमोर येशू, मरियम आणि योसेफ यांच्या जागी गरीब घरांतली मुले बसवून त्यांना जेवू घालायचे, ही या सणाची जुनी रीत. भाकरीची शोभा आणि उपाशी मुलाचे जेवण एकमेकांच्या विरोधात उभे राहत नाहीत, एकाच नवसाचे ते दोन भाग आहेत. भुकेचा आक्षेप घेणाऱ्याने या वेदीपुढे थोडे थांबावे. ज्या समाजात अन्न सुंदर करण्याची सवय आहे तिथे ते देण्याची सवय आपोआप येते असे मी म्हणत नाही. पण शोभा काढून टाकली की ते पीठ भुकेल्याच्या घरी पोचते, हे गृहीत धरण्यालाही काही आधार नाही. भूक पीठ कमी पडल्याने जितकी आहे त्याहून कितीतरी जास्त ते न पोचल्याने आहे.

मात्र प्रत्येक मांडणीचा बचाव करता येणार नाही, आणि इथे आपल्या घरातलाच दाखला घ्यावा लागतो. रुखवत हे मुळात मुलीकडच्या बायकांच्या हातच्या कौशल्याचे आणि मायेचे प्रदर्शन. लाडू, करंज्या, चिरोटे, अनारसे यांच्या रचना, साखरेची देवळे, पाठवणीला दिलेली शिदोरी. पण जिथे ती मांडणी व्याह्यांच्या डोळ्यांत मोजली जाऊ लागते, शेजारच्या लग्नातल्या रुखवताशी तोलली जाऊ लागते आणि मुलीच्या बापाला त्यासाठी कर्ज काढावे लागते, तिथे देवता बदललेली असते. तिथे अन्न कोणाला दिले जात नाही, फक्त दाखवले जाते. याच्या उलट हलव्याचे दागिने पाहा. खसखशीच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्यावर मंद आचेवर थोडा थोडा साखरेचा पाक घालत, बोटांनी तासन् तास हलवत हलव्याला काटा आणायचा, मग ते दाणे ओवून नवीन सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हार, बाजूबंद, नथ करायची, आणि बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. काळ्या साडीवर ते पांढरे दागिने घालून ती मुलगी बसते तेव्हा सोन्याच्या जागी साखर आलेली असते, आणि सगळ्यांना ते माहीत असते. यात किमतीला जागा नाही. कोणाच्या तरी हातांचा वेळ आणि चटके तेवढे त्यात आहेत, आणि ते एका विशिष्ट माणसासाठी आहेत. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, ऊस आणि हलवा बाकीची मुले वेचून खातात, म्हणजे ल्यायची साखर आणि खायची साखर एकाच जागी, एकाच आनंदात असते. रुखवत आणि हलव्याचे दागिने यांत पदार्थ जवळपास तोच आहे. फरक नजर कोणाची आणि वस्तू कोणासाठी, एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

या कसोटीवर आणखी एक अडचणीचे उदाहरण घासून पाहायला हवे. इक्वाडोरमध्ये कीतोच्या उत्तरेला काल्देरोन नावाचे गाव आहे. मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, तिथे कबरींवर पावाच्या बाहुल्या नेण्याची रीत होती. हळूहळू त्या बाहुल्यांचा हस्तव्यवसाय झाला. आज त्या मैदा आणि पांढरा गोंद यांच्या मिश्रणातून करतात, रंगवतात, वर वॉर्निश देतात, आणि त्या खाता येत नाहीत. मिठाच्या कणकेचे दागिनेही याच जातीचे: दोन भाग पीठ, एक भाग मीठ, एक भाग पाणी, मंद भट्टीत काही तास, आणि वस्तू दगडासारखी होते. अगदी पहिल्या मुठीपासून तिथे पीठ अन्नाच्या रांगेतून बाहेर काढलेले असते. दावीद आला तर त्याला यातले काही देता येणार नाही. माझा युक्तिवाद इथे लंगडतो हे मी मान्य करतो. खाता येणारी वस्तू न खाणे हा त्याग, पण खाताच न येणारी वस्तू न खाण्यात त्याग कुठला? अशा वस्तूंचा बचाव अर्पणाच्या बाजूने होणार नाही. पण भृगुवल्लीतले अन्न वाढवण्याचे व्रत इथे कामाला येते. काल्देरोनच्या घरांतले ते पीठ कुटुंबाची चूल पेटवते, मूठभर मैद्यातून अनेक दिवसांची भाकर येते. ते अर्पण राहिले नाही, उपजीविका झाले, आणि उपजीविका ही अन्नाची निंदा नव्हे. माझा आक्षेप एवढाच की कबरीवर नेलेल्या पावात जे होते ते त्या बाहुलीत आहे असे समजू नये.

जपण्याचा प्रश्न याच रेषेवर येतो. भाजलेले पीठ टिकते ते त्यातले मोकळे पाणी गेल्यामुळे. बुरशीला वाढायला जेवढी ओल लागते तिच्या खाली ते नेले, आणि साखर किंवा मध यांनी उरलेले पाणी धरून ठेवले, की खोलीच्या साध्या हवेतही ते वर्षे काढते. शत्रू उरतात ते तीन: दमट हवा, जी आयसिंग चिकट करते, ऊन, जे रंग उडवते, आणि स्टेगोबियम पॅनिसियम नावाचा लहान तपकिरी भुंगा, जो बिस्किटात, मसाल्यात आणि संग्रहालयातल्या वाळवलेल्या नमुन्यांत सारख्याच आवडीने घर करतो. यांच्यापासून राखण करणे, कोरड्या जागी ठेवणे, कापडात गुंडाळणे, उन्हाबाहेर टांगणे, हे सगळे अन्नाला अन्न ठेवूनच करता येते. आज मात्र त्यावर प्लास्टिकच्या राळेचे थर देऊन ते कायमचे करण्याची सोय आहे, आणि अनेकांना ती आकर्षक वाटते. लग्नाची आठवण आहे, ती का नासावी, असा त्यांचा रास्त प्रश्न आहे. संग्रहालयाने असे केले तर मला हरकत नाही. तिथे वस्तूचे काम बदललेले असते, ती आता पुढच्या पिढ्यांना कारागिरी शिकवते, आणि देणारा-घेणारा दोघेही तिथे नसतात. घरात मात्र राळेत बुडवलेले हृदय काल्देरोनच्या बाहुलीच्या बाजूला जाते. ते नासणार नाही, कारण ते आता अन्नच नाही. घेणाऱ्याने जे खाणे सोडले होते, ते सोडणे पुसले जाते, कारण आता सोडण्यासारखे काही उरलेले नसते.

तिबेटी बौद्धांनी या बाबतीत वेगळी वाट निवडली. सातूच्या पिठाचे आणि लोण्याचे तोर्मा नावाचे नैवेद्य करायचे, त्यांवर रंगीत लोण्याची फुले बसवायची. कुंबुम मठात तिबेटी वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला मांडल्या जाणाऱ्या लोण्याच्या शिल्पांसाठी भिक्षू थंडीत कित्येक आठवडे राबतात, लोणी वितळू नये म्हणून हात गार पाण्यात बुडवत. उत्सव झाला की ती शिल्पे मोडली जातात. इतके टोक गाठण्याची लित्सितारला गरज नाही. त्याचा स्वभाव माणसाच्या आयुष्याबरोबर काही काळ चालण्याचा आहे. पण चालता चालता त्याचा रंग फिका पडला, कड ढासळली, एखाद्या पावसाळ्यात ते मऊ झाले, तर त्यात जपणाऱ्याचा काही अपराध नाही. जे खाल्ले नाही ते मोडून पाखरांना घालावे किंवा झाडाच्या मुळाशी मातीत मिसळावे, आणि दोघांची मर्जी असेल तर त्याच दुकानातून, त्याच नावांचे नवे करवून आणावे. कारागिरांचा धंदाही त्याने चालेल.